डिकीतला देव

वारसा फेरीला जमलेल्या मंडळींना प्राचीच्या गाडीच्या डिकीत देव आहे हे कळलं असतं, तर वडाळे तळ्याच्या काठी इतक्या निवांतपणे चहा पीत कुणीही उभं राहिलं नसतं.

प्राची डिकीला पाठ लावून उभी होती. डिकीचं लॉक पावसाळ्यापासून खराब होतं. जरा हिसका दिला की झाकण आपोआप वर यायचं. तिचा नवरा निनाद दर रविवारी "उद्या गॅरेजला टाकतो" म्हणायचा आणि घरतांच्या घरात उद्या कधी उगवत नसे. त्यामुळे तिला हलायची सोय नव्हती.

"प्राची, एवढा बॅनर डिकीत टाक बघू," करंदीकर मॅडम हातात गुंडाळी घेऊन आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका आणि पनवेल परिसर इतिहास मंडळाच्या अध्यक्षा. त्यांचा हात पुढे झाला की समोरचा आपोआप मागे व्हायचा.

"मागच्या सीटवर ठेवते, मॅडम. चुरगळेल डिकीत."

"अगं, गुंडाळलेलाच आहे तो!"

"तेल सांडलंय आत," प्राची म्हणाली. ते अगदीच खोटं नव्हतं. शेंदरात तेल असतंच.

मॅडमनी तिच्याकडे जरा रोखून पाहिलं, पण तेवढ्यात कुणीतरी माईक कुठे आहे म्हणून हाक मारली आणि त्या वळल्या. प्राचीने श्वास सोडला. माघातल्या सकाळच्या गारव्यातही तिच्या मानेवर घाम आला होता.

हे मंडळ तिच्या सासऱ्यांनी, तुळशीराम गुरुजींनी काढलेलं. त्याचं वर्ष ठरलेल्या चाकोरीतून फिरायचं. गणपती गेले की जुन्या फोटोंचं प्रदर्शन, त्यात बंदरावरच्या त्याच एका फोटोतला डावीकडचा फेटेवाला कुणाचा आजोबा यावर दरवर्षी त्याच दोन घरांचं भांडण. दिवाळीनंतर व्याख्यान, त्याला पाहुणे हमखास उशिरा. आणि माघात ही वारसा फेरी. तळ्यापासून निघायचं, जुन्या बाजारपेठेतून हिंडायचं, मग बसमधून कोन गावी घरतांच्या शेतावर जायचं आणि मडक्यात भाजलेली पोपटी खाऊन पांगायचं. शेताच्या बांधावर राखण्या होता. शेत राखणारा, घरतांचा देव. त्याच दिवशी त्याला राखण, म्हणजे शेत राखल्याचा मान, द्यायचा, नारळ फोडायचा आणि सासूबाईंनी, म्हणजे भामाबाईंनी, त्याला नवा शेंदूर चढवायचा. मंडळाच्या लोकांना जेवायचं असतं आणि देवाला माणसं लागतात, असं म्हणून गुरुजींनीच दोन्हीची गाठ घालून दिली होती. गुरुजी गेले तरी गाठ सुटली नव्हती.

गुरुजी तालुक्यातल्या प्रत्येक दगडाला त्याचं कूळ विचारत. या एका दगडाला मात्र त्यांनी कधी मंडळाचा हात लागू दिला नाही. घरच्या देवाची चौकशी करायची नसते, म्हणत.

प्राचीने केली. परवा दुपारी. देवाच्या पोटाशी शेंदराचा टवका उडाला होता आणि त्याखाली तिला अक्षरं दिसली होती. ठसा घ्यायला ती एका शिबिरात शिकली होती. ओला कागद दगडावर अंथरायचा, ब्रशने ठोकून खाचांत बसवायचा, वाळला की वरून शाई फिरवायची. एकटीने देवाला हात लावायचा धीर झाला नाही, म्हणून तिने थोरल्या जावेला, स्नेहलला, बरोबर नेलं. मंडळाच्या स्मरणिकेत घरच्या देवाचा लेख येईल, आईंना बरं वाटेल, असा तिचा हिशेब. कागद वाळला, ती सोलायला गेली आणि कागदाबरोबर सगळंच सुटून हातात आलं. पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर, करवंटीसारखा, एकसंध. देवाचे डोळे लावलेलं तोंड तिच्या मांडीवर आणि समोर उघडा दगड.

दगडावर वर चंद्र-सूर्य होते. मधे झिजलेल्या ओळी. आणि खाली एक बाई आणि तिच्या अंगावर एक गाढव. ते काय आहे हे कळायला प्राचीला क्षणही लागला नाही. असे दगड तिने पुस्तकांतून शंभरदा पाहिले होते. स्नेहलने मात्र नीट वाकून पाहिलं, मग एकदम ओढणी तोंडावर घेतली आणि म्हणाली, "अगं बाई, हे काय गं?"

दोघींनी दगडावर गोणपाट टाकलं, वर पेंढा टाकला. शेंदराचं कवच चादरीत गुंडाळून डिकीत ठेवलं. कुणाला सांगायचं नाही असं ठरलं. ठरलं म्हणजे प्राची म्हणाली आणि स्नेहलने मान हलवली.

पर्समधला फोन वाजला. स्नेहलच.

"आई निघाल्यात शेतावर. ताट घेऊन, चालत. मी अडवत होते, ऐकतात कुठे? आणि प्राची..."

"काय?"

"काही नाही. तू लवकर ये," म्हणून तिने फोन ठेवला.

"मॅडम, मी पोपटीची व्यवस्था बघायला पुढे होते," असं ओरडून तिने निनादला गाडीत जवळजवळ ढकललंच.

उड्डाणपूल ओलांडला. मग ती म्हणाली, "निनाद, डिकीत राखण्या आहे."

"कोण आहे?"

"राखण्या. म्हणजे त्याच्यावरचा शेंदूर. सगळा निघाला. माझ्या हातून."

निनादने गाडी बाजूला घेतली. मागून एका टेम्पोवाल्याने हॉर्नबरोबर दोन शब्दही मारले. तिने सगळं सांगितलं, बाई आणि गाढवासकट. निनादचे कान लाल झाले. पोर्टात एवढ्या मोठ्या क्रेन चालवणारा माणूस, पण घरातली गोष्ट आली की त्याचे हातपाय गळायचे.

"फेविकॉलने बसेल का?" त्याने विचारलं. चेष्टा करत नव्हता तो.

"आज आई नवा शेंदूर लावणार. गोणपाट काढणार. काय बसवतोस?"

"मग तू सांग आईला. मी नाही हं. आईसमोर मला तो शब्दसुद्धा..." तो थांबला. "दादाला कळलं तर?"

तीच तर भीती होती. ते शेत भामाबाईंच्या नावावर होतं. गुरुजींनी जिवंतपणीच करून दिलेलं. बाजूची सगळी शेतं गोडाऊनसाठी गेली होती. त्यांच्या भरावांनी पाण्याच्या वाटा बुजल्या आणि उरलेल्या या एका तुकड्यात मागची दोन्ही वर्षं भात उभं कुजलं. थोरला परेश वर्षभर आईच्या मागे लागला होता. पार्टी तयार होती, कागद तयार होता. भामाबाईंनी त्याला एवढंच ऐकवलं होतं, "राखण्या बांधावर हाय तवर मी सही करनार नाय." दुसरं कारण त्यांनी कधी दिलं नाही आणि परेशला त्या कारणापुढे बोलता येईना. आता ते कारणच चादरीत गुंडाळून ठेवलं होतं, आणि गुंडाळणारी होती शेत वाचावं म्हणून परेशशी उभा दावा मांडणारी प्राची. तिला रडू येत होतं आणि रडायलाही सवड नव्हती.

शेताच्या तोंडाशी परेशची पांढरी गाडी आधीच उभी होती. निनादने आपली तिच्या शेजारी लावली. पांढऱ्या गाडीच्या पुढच्या सीटवर प्लास्टिकची फाईल ठेवलेली प्राचीला काचेतून दिसली.

गाड्यांपासून बांधापर्यंत जायला भरावाचा एक ढीग ओलांडावा लागायचा. पलीकडे पोपटीची मडकी उपडी घालून भोवती जाळ केला होता. वालाच्या शेंगांचा आणि भांबुर्डीच्या पाल्याचा वास सुटला होता. एरवी या वासाने प्राचीला भूक लागायची. आज तिने तिकडे पाहिलंही नाही.

स्नेहल तिच्याकडे बघत नव्हती. ती उगाचच जाळात काटक्या सारत होती.

"ये प्राची," परेश म्हणाला. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात चेन, तोंडावर मात्र रात्रभर न झोपलेल्या माणसाचा सुजरेपणा. "देव कुठे ठेवलास?"

"ताई!" प्राची स्नेहलकडे वळून म्हणाली.

"त्यांनी विचारलं तर खोटं बोलू?" स्नेहल काटकी मोडत म्हणाली. "परवापासून मला जेवण जात नाही. त्यांनीच विचारलं काय झालं म्हणून."

"तिला कशाला बोलतेस?" परेश म्हणाला. "मी आत्ता बघितलं गोणपाट उचलून. नेटवर पण शोधलं. गधेगळ म्हणतात ना? शाप लिहिलाय. जमिनीच्या भानगडीतली शिवी आहे ती, प्राची. शिवी! आणि आपण तिला नारळ फोडतोय, वर्षानुवर्षं."

"भाऊजी, आज नको. एवढे लोक येतायत."

"मग कधी? पुढचं भात कुजल्यावर? तुम्ही दोघं शहरात सेक्टरमध्ये राहता. गुडघाभर चिखलात मी उतरतो. मला काय हौस आहे बापाचं शेत विकायची?" त्याचा आवाज क्षणभर चिरकला. "तू इतिहासवाली. तूच सांग आईला खरं काय ते. मी सांगितलं तर ती म्हणेल, परेश जमिनीसाठी देव बाटवतो. तू सांगितलंस तर ऐकेल."

"दादा, थोडं थांबू या का?" निनाद म्हणाला.

"तू गप रे. तुला कायम थांबायचंच असतं."

यावर निनाद खरोखरच गप्प झाला. प्राचीला त्याचा राग आला आणि परेशचं म्हणणं खोडता येत नाही याचा त्याहून जास्त राग आला. तो खोटं बोलत नव्हता. जिने आजवर मंडळाच्या प्रत्येक सभेत 'जे आहे ते सांगायचं' म्हणून हुज्जत घातली, तिच्यावरच आज ती वेळ आली होती.

बांधाच्या त्या टोकाला भामाबाई दिसल्या. ठेंगण्या, ताठ, डोक्यावर पदर, हातात फडक्याने झाकलेलं ताट. चपला त्यांनी लांबच काढून ठेवल्या होत्या.

"पेंढा कोनी टाकला यावर?" त्यांनी आल्या आल्या विचारलं.

परेशने प्राचीकडे पाहिलं. स्नेहलने जमिनीकडे.

"आई," प्राची पुढे झाली. "आई, माझ्या हातून एक चूक झाली. मी परवा देवाचा ठसा घ्यायला आले होते. ओला कागद लावला होता. तो काढताना शेंदूर... सगळा शेंदूर सुटून आला."

"सगला?"

"सगळा. जपून ठेवलाय मी. गाडीत आहे."

भामाबाईंनी ताट खाली ठेवलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर प्राचीला बरं वाटलं असतं. त्यांनी वाकून पेंढा बाजूला सारला आणि गोणपाट ओढलं.

पोपटीच्या जाळाचा तडतड आवाज तेवढा येत होता. म्हातारी उकिडवी बसून दगड बघत राहिली. चंद्र-सूर्यावर तिने बोट फिरवलं. ओळींवरून फिरवलं. मग बोट खाली आलं आणि थांबलं.

"ही कोन हाय?"

"आई, हा पूर्वीच्या राजांचा दगड आहे. जमीन दान दिली की असा दगड रोवायचे. म्हणजे..." प्राचीने निनादकडे पाहिलं. तो लांब गोडाऊनच्या पत्र्यांकडे बघत होता. "जो कुणी हे दान मोडेल, जमीन हिरावून घेईल, त्याला शाप. तो शाप चित्रात काढलाय. वाचता न येणाऱ्यालाही कळावा म्हणून."

"शाप त्याला ना? मंग ही बाई कोन?"

"त्याची आई," प्राची म्हणाली. बोलताना तिला स्वतःचीच शरम वाटली. "त्याच्या आईचे असे हाल होवोत, असं."

भामाबाईंनी त्या बाईवरचं बोट उचललं.

"मंजे हा देव नाय," त्या म्हणाल्या.

"तेच मी सांगतोय, आये," परेश पुढे सरकला. घरात तो 'आई' म्हणायचा. शेतावर आला की त्याची भाषा आपोआप बदलायची. "देव नाय हा. नुसती शिवी हाय. तू उगाच जीव नको लावू."

"मी बोलले व्हते, देव हाय तवर सही करनार नाय. देव नाय तर नाय. माजा शब्द मी फिरवनार नाय." त्यांनी गुडघ्यावर हात टेकले पण उठल्या नाहीत. "आन तुजा कागद."

प्राचीला खरं वाटेना. इतक्या सहज? परेशलाही ते अपेक्षित नव्हतं. तो जागचा हलला नाही.

"आन. पन हितं करीन सही. हिच्या म्होरं. जमीन पोरानं घालवायची आनि भोगायची त्याच्या आयनं. मंग ही मीच हाय ना, परेश? माजीच तसबीर हाय ही."

"आये, काय बोलतेस तू!" परेशचा चेहरा उतरला. त्याने प्राचीकडे पाहिलं. रागाने नाही. अडकलेला माणूस हात पुढे करतो तसं. "प्राची, सांग ना तिला. विकणाऱ्याला कुठे शाप आहे?"

गप्प बसणं किती सोपं होतं! म्हातारीचा गैरसमज झाला होता आणि त्या गैरसमजात शेत वाचत होतं. प्राचीने एकदा पायाखालच्या काळ्या जमिनीकडे पाहिलं.

"आई, भाऊजी बरोबर बोलतायत," ती म्हणाली. "शाप विकणाऱ्याला नाही. दिलेलं दान जो परत हिसकावतो, त्याला आहे."

"मंग हे शेत मला कोनी दिलं?" भामाबाईंनी विचारलं. "बाजारातून घेतलं मी? मास्तरांनी दिलं. जाताना बोलले, भामा, हे तुजं. कोनी मागितलं तरी तुजं." त्यांचा आवाज पहिल्यांदा हलला. "आनि वरीसभर तू माज्यापाशी काय मागतंस, पोरा?"

परेशने दगडावरच्या त्या बाईकडे पाहिलं.

भामाबाईंनी ताटावरचं फडकं काढलं. शेंदराची वाटी बाजूला सारली. हळदकुंकवाची कोयरी उचलली, मग हात आवरला.

"किती वरसं मी वर रंग चढवला, नि ही खाली अशी उघडी," त्या म्हणाल्या. "हिची ओटी कवा कोनी भरली नसंल. मला आता भरता येत नाय. स्नेहल, तू थोरली. तू भर."

स्नेहल उठली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. घरतांच्या घरात लग्न होऊन आल्यापासून परेशच्या भुवईच्या कलाने चालणारी ही बाई. प्राचीला वाटलं, आता ही डोकं दुखतंय म्हणून बाजूला होईल.

"खण नाही आणला, आई," स्नेहल म्हणाली.

"मंग?"

स्नेहलने आपल्या खांद्यावरची जरीची ओढणी काढली, दुमडली आणि दगडापुढे बसली. परेश "स्नेहल" एवढंच म्हणाला. तिने ऐकलं नाही. तिने त्या बाईच्या कपाळावर हळदकुंकू लावलं, ओढणी तिच्या अंगाभोवती अशी घातली की गाढव झाकलं जावं, आणि तांदळाची ओंजळ भरली.

परेश वळला आणि भरावाचा ढीग चढून गाड्यांकडे गेला.

फाईल पुढच्या सीटवरच होती. पेन तो कायम खिशात बाळगायचा. आई शब्द फिरवणार नव्हत्या, हे घरातलं कुत्रंही सांगू शकलं असतं. तिने निनादचा हात घट्ट धरला.

"थांबवू का त्याला?" निनादने विचारलं.

"आता?" ती म्हणाली.

तेवढ्यात रस्त्यावर बस लागली आणि वारसा फेरी आरडाओरडा करत बांधावर चढली. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, सेल्फी. पुढे करंदीकर मॅडम. त्यांनी दगड पाहिला आणि जागीच थबकल्या.

"अगंबाई! प्राची! हा उघडा कधी केलात? ही तर... अगं, ओळी आहेत यावर! सांग ना, सांग लोकांना!"

सगळे तिच्याभोवती गोळा झाले. दरवर्षी याच जागी ती न थांबता बोलायची. आज तिचे डोळे ढिगाकडे लागले होते. कुणीतरी फोटोसाठी फोन उंचावला, दुसऱ्याने ओढणी जरा बाजूला करा म्हटलं.

"हात नका लावू," स्नेहल तांदळाची मूठ तशीच धरून म्हणाली. "ओटी चाललीय."

"पण ही कोण आहे?" करंदीकर मॅडमनी चष्मा सारखा करत विचारलं.

"आमच्या घरची हाय," भामाबाई म्हणाल्या. "पोपटी निवते, आदी खाऊन घ्या."

ढिगाच्या माथ्यावर परेश दिसला. आधी त्याचं डोकं दिसलं आणि डोक्यावर काहीतरी होतं. प्राचीला वाटलं ऊन लागतं म्हणून फाईल धरली असेल. मग तो आणखी वर आला. डोक्यावर रुमालाची चुंबळ होती आणि तिच्यावर चादरीचं गाठोडं, दोन्ही हातांनी सांभाळलेलं. बूट त्याने काढले होते. भरावाच्या खडीवरून तो जपून पाय टाकत उतरत होता, चवथीला गणपती घरी आणताना उतरायचा तसाच. शर्टाच्या खांद्यावर शेंदूर सांडला होता.

"वाट द्या," तो म्हणाला आणि लोक बाजूला झाले.

आईसमोर येऊन तो उभा राहिला. "डिकीचं लॉक दुरुस्त करून घे रे," तो निनादला म्हणाला, आईकडे न बघता. मग वाकला. "कुठं ठेवू?"

भामाबाई सरकल्या. त्या बाईशेजारची जागा त्यांनी तळव्याने साफ केली.

"हितं ठेव," त्या म्हणाल्या. "हिच्या बाजूला. एकटी किती वरसं राखील ती?"